टाकीवरची तांबडी रेघ

आमच्या घरात पहिल्यांदा निळा जाळ पेटला, तेव्हा अण्णांनी सगळ्या वाडीला बोलावून तो दाखवला आणि माझ्या अंगाला शेणाचा वास मारतो म्हणून मला गोठ्याच्या दाराशी उभं केलं. तो जाळ ज्या शेणावर पेटला ते शेण माझ्याच हातांनी कालवलेलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. गावात दुसऱ्या कुणाकडे नाही ते आपल्या दारात असावं, ही त्यांची जन्माची खोड. असो. रडगाणं गायला मी बसलेले नाही. आता साठी उलटली, उभी हयात शाळेत पोरांना शिकवण्यात गेली, लोक मला अजून वाटेत थांबून नमस्कार करतात. पण जे सांगायला बसले आहे त्यात सगळ्यात मोठा दोष माझा आहे, आणि तो मी कुणाच्या पदरात टाकला ते एकदा लिहून ठेवल्याशिवाय मला मरायचं नाही.

वेल्ह्यापासून वर, तोरण्याच्या अंगाला आमची वाडी. विजेचे खांब आले होते, तारा ओढल्या होत्या, दिवे मात्र लागले तर लागले. पावसाळ्यात एकदा गेले की गौरी-गणपती उरकले तरी त्यांचा पत्ता नसायचा. अशात एक दिवस योजनेचे साहेब जीप घेऊन आले आणि म्हणाले, गोबरगॅस बांधा, घरचा जाळ, घरचा उजेड. अण्णांना तेवढंच पाहिजे होतं. दिवाळीच्या आधी गोठ्यामागं खोल खड्डा खणला, आतून विटांनी बांधून काढला, आणि त्यावर लोखंडी टाकी पालथी घातली. खड्ड्यात शेण आणि पाणी कालवून सोडायचं, ते आत कुजायचं, गॅस धरायचा, आणि ती जड टाकी आपोआप वर उचलायची. गॅस जाळला की टाकी पुन्हा खाली. टाकी वर तर घर श्रीमंत, टाकी खाली तर घर ओशाळं. अण्णा दिवसातून चारदा जाऊन तिला बघून यायचे. माजघरात त्यांनी गॅसची बत्ती टांगली होती. तिची जाळी पेटली की सूं सूं आवाज यायचा आणि सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक दिसायचे. पाव्हण्यारावळ्यांना ते सांगायचे, "हे तर काईच न्हाई. फुडल्या साली हेच्यावर इंजान बसिवतो, डायनामो लावतो, आन वाडीतल्या घराघरात बलप पेटिवतो. मंग ऱ्हावा म्हनावं तारंवाल्यांना बोंबलत!"

सगळं खरं, पण गॅस पुरेना. पुरणार कसा? आमची जनावरं सहा, तीही डोंगराची, हाडकुळी. सकाळी सोडली की दिवसभर रानात चरायची आणि शेण रानातच टाकून यायची. गोठ्यात रात्रीचं काय पडेल तेवढंच. साहेबांनी कागदावर जनावरं मोजली होती, ती दिवसभर असतात कुठं हे विचारलंच नव्हतं. त्यात थंडी पडली, आणि थंडीत तो खड्डा निजल्यासारखाच व्हायचा. चहा झाला, एक भाजी झाली की जाळ फुरफुरायचा, पिवळा पडायचा, विझायचा. एकदा भोरहून आलेल्या पाव्हण्यांच्या देखत बत्ती गेली. पाव्हणे हसले. अण्णा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर घेऊन निघाले, तर अण्णा दारात उभे.

"दप्तार ठिव. पाटी घे."

"अण्णा, परीक्षा हाय आज."

"परीक्षा रानात दे. गुरांच्या मागनं जायाचं, पडंल ते श्यान उचलायचं. घरात यवढं सोन्यासारकं यंत्र आन शेनावाचून उपाशी मरतंय. पोरीच्या जातीला नुसती सई करता आली की झालं."

मी नववीत होते. वर्गात पहिली यायचे, हे फुशारकी म्हणून सांगत नाही; त्या शाळेत पहिलं येणं फारसं अवघड नव्हतं. पण मला ती शाळा पाहिजे होती. मी इतकी रडले, इतकी रडले, की शेवटी अण्णा वैतागून उठले, बैलांच्या शिंगांना लावून उरलेला तांबडा रंग घेतला, आणि टाकीच्या अंगावर वरच्या बाजूला बोटानं एक आडवी रेघ ओढली. म्हणाले, "ही बग. सकाळच्या पारी ही रेघ खड्ड्याच्या काठावर आली, आन पंधरा दिस ऱ्हायली, की जा तुज्या साळंला. तवर नाव काडू नगंस." आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं वर मान केली नाही. "शिकून तरी कुनाचं श्यान काडायचं ते काडायचंच की," एवढंच बोलली. माझी आई अशी होती. तिला सोवळंओवळं, देवाधर्माचं सगळं पाठ होतं, माया तेवढी आठवून आठवून करावी लागायची.

मग मी चार महिने गुरांच्या मागं फिरले. ताजं शेण पडलं की उचलायचं, नाहीतर ऊन लागून ते पापुद्रा धरतं आणि त्यातला गॅस जातो, असं गॅस बांधणाऱ्या मिस्त्रीनं सांगून ठेवलेलं. डोक्यावर पाटी, पाटीतून मानेवर ओघळ. खालच्या वाटेनं माझ्या वर्गातल्या पोरी वेल्ह्याला जायच्या. पहिले आठ दिवस त्यांनी हाका मारल्या, मग नाक धरून हसायला लागल्या. त्यांचा मला राग येत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही नाकच धरलं असतं. घरी येऊन शेण हौदात टाकायचं, बरोबरीनं पाणी, आणि कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या फोडायच्या. काडी-कचरा राहिला तर नळी तुंबते. ते झालं की टाकीपाशी जाऊन बघायचं. खड्ड्याचा काठ माझ्या कमरेएवढा, आणि रेघ आत, माझ्या गुडघ्याखाली असायची. थंडी संपून होळी झाली तरी गुडघ्याखालीच.

ह्या सगळ्यात मला माणूस म्हणून विचारणारी घरात एकच होती, मालनकाकी. माझ्या चुलत्याची बायको, भोंगवलीची. चुलता टेम्पो चालवायचा, पंधरवड्यातून एकदा घरी. लग्नाला आठ वर्षं झाली तरी काकीला मूल नव्हतं, म्हणून घरात तिचा आवाज नव्हता. आणि त्या साली दिवस राहिले, तरी तो फुटलाच नाही. आठ वर्षं गप्प राहिलेल्या बाईला एकदम बोलायला कुठं येतं? स्वयंपाक सगळा तिच्याकडे. मी पाटी टाकून आले की ती माझे हात आधी गरम पाण्यानं, मग राखेनं, मग लिंबाच्या सालीनं चोळायची आणि हुंगून बघायची. "गेला बग वास," म्हणायची. जायचा नाही. पण ती म्हणायची. दुपारी मी तिला माझं जुनं पुस्तक वाचून दाखवायचे. ती चौथीतून निघालेली. एकदा म्हणाली, "सुमे, तू साळंत न्हाई गेलीस तर तुजं माज्यावानी हुईल बग." मी म्हटलं, "तुज्यावानी म्हंजे काय गं?" त्यावर ती हसली आणि पिठाचा हात झटकून उठली.

आता त्या संडासाच्या पाईपाचं सांगते. गॅस बांधताना साहेबांनी अट घातली होती की बाजूला संडास बांधायचा आणि त्याचा पाईप ह्याच खड्ड्यात सोडायचा. मिस्त्रीनं मला पाईप बसवताना सांगितलं होतं, "मान्साचं येत ऱ्हायलं ना पोरी, मंग ह्या टाकीला मरान न्हाई." संडास बांधला, साहेब बघून गेले, आणि जीप वळणाआड गेल्याबरोबर अण्णांनी पाईपाच्या तोंडात गोणपाट कोंबून वर चिखल थापला. "ज्या आगीवर देवाला निवद करायचा तिच्यात ह्ये? शी शी शी!" पुढं त्या संडासात आधी थापून ठेवलेल्या गोवऱ्या रचल्या. पांढरं शुभ्र भांडं आणि त्याच्यावर गोवऱ्या! आमच्याकडे सगळे रानातच जायचे. बायांनी उजाडायच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर.

होळीनंतर एका सकाळी घरात कुणी नसताना मी गोवऱ्या संडासाच्या मागं नेऊन रचल्या, खरवडून चिखल काढला, गोणपाट उपसलं. बादली ठेवली. मी स्वतः जायला लागले. पण माझ्या एकटीनं काय होणार, हा हिशेब मलाही येत होता. म्हणून मी काकीला गाठलं. तिला पाचवा लागलेला. अंधारात उतार उतरताना ती दोनदा घसरली होती, आणि दिवस निघाला की दिवसभर पोट आवळून बसायची. मी म्हटलं, "काकी, त्या संडासात जात जा की. म्या साफ केलाय."

ती घाबरली. "अगं पर त्यो गॅसात जातुया ना?"

"न्हाई. त्याला येगळा खड्डा हाय. मिस्त्रीनं मागनं काडून दिला."

"नक्की?"

"देवीची शप्पत."

हे मी किती सहज बोलले ते मला आजही ऐकू येतं. शाळेसाठी बोलले. तिच्या पोटासाठी बोलले असं वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगितलं, ते खोटं. तिचं पोट मला फक्त कामी आलं.

आणि काय सांगू, टाकी वर यायला लागली! चार-सहा दिवसांत रेघ गुडघ्याला, मग मांडीला. चैत्र लागला, ऊन तापलं आणि एका सकाळी रेघ खड्ड्याच्या काठाच्या वर दिसली. मी नाचायचीच राहिले होते. अण्णा तर हवेत. त्यांना वाटलं, त्यांच्या यंत्राचा गुण. येईल त्याला ताट वाढायचे. "बगा, गॅसवरची भाकर. चुलीवरचीला आन हिला काय फरक लागतूय का सांगा!" लोक म्हणायचे, न्हाई ब्वॉ, अगदी चुलीसारखीच खरपूस. मला वाटत होतं सगळं माझ्या त्या पाईपामुळं. काकीचे डोळे त्या दिवसांत सारखे लाल असायचे, ती खोकायची. आई म्हणायची, गरवारपनाचं आसतंय. मागच्या पडवीत आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती, तिच्यापाशीच काकी जास्त असायची. मी काही विचारलं नाही. रेघ वर होती, मला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

पंधरा दिवस झाले. मी अण्णांपुढं उभी राहिले. ते खुशीत होते. म्हणाले, "जा. जूनला जा. पर पयली पूजा घालू. सायबांना बोलवू, गावाला बोलवू, आन समदा सैपाक गॅसवर." मी त्या दुपारी जुनं दप्तर धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं.

सत्यनारायणाची पूजा. अण्णा आणि आई जोडीनं पाटावर, म्हणून स्वयंपाकघर एकट्या काकीच्या अंगावर. चुलता टेम्पो लावून आला होता. ओसरी भरली, अंगण भरलं. तुपात भाजलेल्या रव्याचा, केळ्याचा, वेलचीचा वास घरभर. भटजींनी पोथी वाचली, प्रसादाचा अपमान केला तर कुणाचं काय काय बुडालं ते नीट सावकाश सांगितलं. आरती झाली. मी आणि काकी शिऱ्याचं भलंमोठं भांडं घेऊन बाहेर आलो, आणि एकेकाच्या तळहातावर मूद ठेवत गेलो. तेवढ्यात साहेब आले. अण्णा त्यांना थेट गोठ्यामागं घेऊन गेले. साहेबांनी टाकी बघितली, रेघ बघितली, आणि सहज, अगदी सहज, संडासाचं दार ढकललं. आत गोवऱ्या नव्हत्या. ओलं भांडं होतं, भरलेली बादली होती. साहेब अंगणात आले ते टाळ्या वाजवतच. "वा वा वा! अहो, संडास जोडलाय आणि चालू आहे! मी म्हणतोच, टाकी एवढी वर कशी. मंडळी, घाण म्हणून जे आपण टाकतो त्यावर आज तुमचा प्रसाद शिजलाय! ह्याला म्हणतात सुधारणा!"

अंगणातले हात जिथल्या तिथं थांबले. पन्नास-साठ माणसं, आणि प्रत्येकाच्या उजव्या तळहातावर शिऱ्याची मूद. काहींनी तोंडात घातला होता, ते गिळेनात आणि थुंकेनात. खावा तर तसला जाळ, टाकावा तर पोथी आत्ताच वाचून झालेली. एकजण भिंतीकडे तोंड करून ओकला. हसावं की काय असा तो देखावा होता, मेल्याहून मेल्यासारखे सगळे हात पुढं करून उभे. साहेबांना काय झालं ते कळेना. ते जीप गाठून निघून गेले.

अण्णांचा चेहरा काळानिळा झाला होता. पाईप आपणच बुजवला हे त्यांना माहीत होतं, म्हणजे तो कुणीतरी उघडला. "कोन जातं तितं?" ते ओरडले. "कोन?" आई पाटावरून उठून आली. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली, कारण ती बादली माझी, शेण कालवायची होती.

माझ्या डोळ्यांपुढं दोरीवरचं दप्तर होतं. खरंच होतं, अंगणाच्या पलीकडे, अजून उतरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "काकी जाती."

खोटं नव्हतं ते. आजही कोर्टात उभं केलं तरी मी म्हणेन, खोटं नव्हतं. काकीच्या हातात शिऱ्याचं भांडं तसंच होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणणार, हिनंच मला सांगितलं, हिनंच शपथ घेतली. एक श्वास जाईल एवढा वेळ गेला. मग ती म्हणाली, "व्हय. म्याच जाती."

पुढं जे झालं ते आईनं सुचवलं. तिला कसं सुचलं कुणास ठाऊक. देवाधर्मातली कुठलीही अडचण ती चुटकीसरशी सोडवायची. म्हणाली, "परसाद टाकायचा न्हाई. जिनं नासावला तिनं खायाचा. मंग पाप हिच्याबिगर दुसऱ्या कुनाला न्हाई." काकीला तिनं तुळशीपाशी बसवलं आणि पदर पसरायला लावला. पहिली मूद पडली ती माझ्या चुलत्याच्या हातची. तो बायकोकडे बघत नव्हता, पायाच्या अंगठ्याकडे बघत होता, पण हात त्यानं नीट रिकामा केला आणि धोतराला पुसला. मग ओळच लागली. बायाबापड्या, म्हातारे, पोरं. जिची ओटी भरायचे ते दिवस, तिच्या ओटीत सगळ्या वाडीनं आपापल्या तळहातावरचं पाप टाकलं. काही उष्टंसुद्धा होतं. माझ्या हातात माझी मूद होती. मीही टाकली. लिहिताना हात थांबला नाही माझा, ह्याचंच मला नवल वाटतं.

काकी खात बसली. आई समोर उभी. तिनं रडावं, नको म्हणावं, असं सगळ्यांना वाटत असणार. पण ती एकेक घास सावकाश चावून खात होती. मधेच तिनं पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. मी दिलं नाही.

त्या दिवसापासून तिचं ताट-वाटी आणि कप वेगळा झाला. ती गोठ्यात जेवायची, आपलं आपण विसळायची आणि कप गोठ्याच्या कठड्यावर पालथा घालून ठेवायची. त्याला कुणी शिवायचं नाही. गॅस बंद केला; आतला सगळा खड्डा उपसून काढायचा ठरला, आणि तो कुणी उपसायचा ह्यावर घरात बोलणंसुद्धा झालं नाही. वैशाखाच्या उन्हात सहा महिन्यांची गरवार बाई बादल्या भरून तो काला शेतात नेऊन ओतत होती. मी एकदा बादलीला हात लावायला गेले तर आई ओरडली, आणि मी हात मागं घेतला. मला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. खड्डा रिकामा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी चुलत्यानं काकीला टेम्पोत बसवलं, आंब्याच्या पेट्यांच्या मधे, आणि भोंगवलीला तिच्या भावाच्या दारात सोडून आला. तिला मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा घरात कुणी साखर वाटली नाही. दोन वर्षांनी चुलत्यानं दुसरी केली.

आणि मी? गॅसच राहिला नाही तर शेण कशाला? अण्णा म्हणाले, "जा आता साळंला, हितं तरी काय काम ऱ्हायलंय तुजं." म्हणजे मला पाहिजे होतं ते मिळालं. टाकी काढून गोठ्यापाशी आडवी टाकली होती. जाता-येता तांबडी रेघ दिसायची. पुढं गंज धरला तेव्हा रेघ कुठली आणि गंज कुठला ते कळेनासं झालं, तेव्हा मला बरं वाटलं.

मी मास्तरीण झाले. तीस-बत्तीस वर्षं सातवी-आठवीला विज्ञान शिकवलं. दर वर्षी ऊर्जेचा धडा यायचा आणि दर वर्षी मी फळ्यावर गोबरगॅसची आकृती काढायचे: हौद, खड्डा, टाकी, गॅसची नळी. संडासाचा पाईप काढायचे नाही. एका वर्षी एका चुणचुणीत पोरीनं पुस्तकात बघून विचारलं, "बाई, ह्या बाजूची नळी राहिली." मी तिला उगीच रागावले. आता भोरला माझं घर आहे, छपरावर सौर पाट्या आहेत, पाणी उन्हावर तापतं, दिवे उन्हावर लागतात. शेण नाही, वास नाही, कुणाला राबवावं लागत नाही. पहिल्यांदा घरात तो दिवा लागला तेव्हा मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी बटण बंद करून अंधारात बसले.

परवा, म्हणजे गेल्या चैत्रात, भोंगवलीला गेले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आई गेली, अण्णा गेले, चुलताही गेला. ज्यांना भ्यायचं ते सगळे गेल्यावर माझ्यात धीर आला, ही माझी शूराची जात. सोबत चांगलीशी साडी घेतली होती. काकी अंगणात बाजेवर बसलेली. केस पांढरे, डोळे मात्र तेच. मला लगेच ओळखलं. "सुमी न्हवं?" म्हणाली, आणि बाजेवर सरकून जागा केली. मुलगा शेतात होता. सुनेनं चहा आणला. गोठ्यामागं नवा गोबरगॅस दिसत होता, आणि त्याला लागून फरशी बसवलेला संडास.

काकीनं माझी नजर बघितली. "जोडल्याला हाय," ती म्हणाली. "च्या त्येच्यावरचाच हाय. प्यायचा आसंल तर पी."

मी प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि मग म्हटलं, "काकी, माजं चुकलं गं. तू तवा माजं नाव का न्हाई घेतलंस? म्याच तुला शपथ घिऊन सांगितलं व्हतं."

तिनं गोठ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुला काय वाटलं, दोन बायांच्या जाण्यानं टाकी वर येती? यवडी शिकलीस आन यवडं कळंना? म्या समद्या भाकऱ्या पडवीतल्या चुलीवर भाजत हुते. दोनी टायमाला. गॅस पेटिवतच नव्हते. म्हनलं ऱ्हाऊ दे टाकी वर, पोरगी साळंत तरी जाईल."

मी हातातला रिकामा कप खाली ठेवला.

"शिरा बी चुलीवरचाच. यवडं मोठं भांडं त्या शेगडीवर बसतंय व्हय? म्हनून तर खाल्ला सगळा. चांगला व्हता, तूप सढळ घातलं व्हतं." तिनं पदर सावरला. "यक शबूद बोलले आसते तर सुटले आसते. पर मंग टाकी कशापाई वर येती ते बी निगालं आसतं, आन तुज्या अण्णानं तुला पुन्ना रानात धाडली आसती. म्या वाट बगत हुते गं. म्हनलं पोरगीच बोलंल. आत्ता बोलंल, मंग बोलंल. तू परसाद टाकलास माज्या पदरात, तवर वाट बगितली."

मी साडीची पिशवी तिच्यापुढं धरली. तिनं ती हातानं बाजूला सारली, रागानं नाही, माशी हाकलावी तशी. सून माझा कप उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," काकी सुनेला म्हणाली. "त्यो आत न्यायचा न्हाई. तिचा तिला इसळू दे. आन थितं कठड्यावर ठिवू दे."

सून गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मी उठले, अंगणातल्या नळावर कप विसळला आणि गोठ्याच्या कठड्यावर पालथा घालून ठेवला.